‘पुरे झालं, परत ये’ असं मुलाला सांगायचं का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमचा धाकटा मुलगा २३ वर्षांचा, डावखुरा रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात मागाहून चेंडू टाकायला येणारा. दोन वर्षांपूर्वी कॉलेजचं तिसरं वर्ष संपलं आणि बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात, १४व्या फेरीत त्याचं नाव आलं. चौथं वर्ष तसंच सोडून त्यानं सही केली. गेल्या जुलैपासून तो सर्वांत वरच्या मेजर लीगच्या तीन पायऱ्या खाली, हाय-एमध्ये आहे आणि अजून तिथंच आहे. त्याच्या मागून आलेली दोन मुलं पुढच्या पायरीवर, डबल-एला गेलीसुद्धा. माझे मिस्टर रोज रात्री वेबसाइटवर त्याचे आकडे बघतात आणि सकाळी फोन करून विचारतात, ‘काल चार रन कसे दिलेस?’ आता तो त्यांचा फोनच उचलत नाही. यांचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय, त्याला परत बोलवावं आणि डिग्री पूर्ण करायला लावावी. पुण्याहून सासूबाई विचारतात, ‘बॉल टाकून पोट भरतं का?’ मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारतात, ‘मग टीव्हीवर कधी?’ मी काय करू? त्याला परत ये म्हणू का? आणि नाही म्हटलं, तर किती वर्षं वाट बघायची?
एक आई, एडिसन

उत्तर: ताई, तुम्ही ज्याच्यासाठी पत्र लिहिलंत त्याचं उत्तर आधी देते. नाही, त्याला ‘परत ये’ म्हणू नका. तुम्हीही नको, त्याच्या बाबांनीही नको. मात्र ‘त्याच्या मनासारखं होऊ द्या’ एवढं सांगून मी मोकळी होणार नाही, कारण तुमच्या मिस्टरांची काळजी अजिबात खोटी नाही. ती जिथं बाहेर पडते ती जागा तेवढी चुकते आहे.

आधी तो कुठं उभा आहे ते नीट बघू. मेजर लीगमध्ये क्लब ३०, आणि प्रत्येकाच्या संघात मोसमाच्या बहुतेक काळात २६ जण. म्हणजे सगळ्या जागा मिळून ७८०. त्यांच्याखाली मायनर लीगमध्ये प्रत्येक क्लबचे चार संघ पूर्ण मोसम खेळतात, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनामधल्या कॉम्प्लेक्स लीग आहेत, अगदी नवख्यांसाठी. एका क्लबला अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये जास्तीत जास्त १६५ खेळाडू ठेवता येतात. २०२४च्या आधी हा आकडा १८० होता, तो कमी केला. तीस क्लबांचे मिळून झाले पाच हजारांना थोडे कमी. आणि दर जुलैत २० फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून सहाशेच्या वर नवी नावं येतात, शिवाय डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातून सोळा-सतराव्या वर्षीच करार केलेली मुलं मागं रांगेत उभी असतातच. जागा तेवढ्याच. त्यामुळं दर वर्षी जितके आत येतात, साधारण तितक्यांना बाहेर जावं लागतं.

पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षं काढणारी मुलं तुम्हाला माहीत असतील. तिथं ‘आता पुरे’ हे मुलानं स्वतः म्हणायचं असतं किंवा घरच्यांनी म्हणायचं असतं, कारण दुसरं कुणीच म्हणत नाही. वयाची अट संपेपर्यंत पुढचा अर्ज भरता येतोच. बेसबॉलमध्ये तसं नाही. इथं हे सांगायला क्लब बसलेला आहे आणि तो अजिबात भीड ठेवत नाही. मार्चच्या शेवटी स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचं सराव शिबिर, संपताना किंवा जुलैत ड्राफ्ट झाला की मुलाला ऑफिसात बोलावतात, ‘आम्ही तुला रिलीज करतोय’ म्हणून सांगतात, आणि तो लॉकर रिकामा करायला लागतो. तुमच्या मुलाच्या खोलीतला, शेजारच्या लॉकरमधला कुणीतरी असा गेलेला त्यानं नक्की पाहिला आहे. ही टांगती तलवार डोक्यावर आहे हे त्याला रोज ठाऊक असतं. त्यात घरूनही तेच ऐकू आलं तर फोन न उचलण्यावाचून त्याच्या हातात काय उरतं? रिलीज करायचं काम क्लबचं आहे, ते त्यांनाच करू द्या. त्या दिवशी त्यानं पहिला फोन घरी करावा, एवढी जागा तुम्ही राखून ठेवायची.

आता ते रोजचे आकडे. याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण घरातली अर्धी भांडणं तिथून निघत आहेत असं मला वाटतं.

मायनर लीगमध्ये २०२१पासून साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सलग सहा सामने होतात आणि सोमवारी सुट्टी. सामना संध्याकाळी असला तरी मुलं दुपारीच मैदानावर पोचतात. वजनदार रबरी चेंडू भिंतीवर आपटून खांदा मोकळा करायचा, मग लांबून फेक, मग कोचबरोबर टॅबलेटवर मागच्या दिवसाचा प्रत्येक चेंडू बघायचा: वेग किती, फिरकी किती, वळला किती. सामना सुरू झाला की रिलीफ पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या सरावाच्या जागेत, बसून राहतो. सातव्या इनिंगला फोन वाजतो, हा उठतो, भराभर पंधरा-वीस चेंडू टाकून हात गरम करतो, आणि तेवढ्यात मैदानावरचा पिचर शेवटचा बळी मिळवतो. हा परत बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी खरंच आत जातो, पण खांदा दोन दिवस तापून थंड झालेला असतो. त्या दोन दिवसांची बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या धावफलकात, एक ओळही नसते. तुमच्या मिस्टरांना दिसतात ते फक्त तिसऱ्या दिवसाचे चार रन.

त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हाय-एचा सामना जिंकणं क्लबला आवडतं, पण पिचरला वर पाठवताना ते रन मोजून पाठवत नाहीत. चेंडूला किती वेळा फलंदाजाची बॅट लागली नाही, वॉक (चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला फुकट दिलेला बेस) किती दिले, वेग वाढला की घटला, सांगितलेला नवा चेंडू जमतोय का, हे बघतात. डावखुऱ्या पिचरसमोर उजव्या हातानं खेळणारे फलंदाज उभे राहतात तेव्हा त्याच्याकडं चांगला चेंज-अप, म्हणजे वेगवान वाटून हळू येणारा चेंडू, हवा. तो नसेल तर डबल-एमध्ये डाळ शिजत नाही. म्हणून पुष्कळदा कोच सांगतात की या महिन्यात मार बसला तरी चालेल, चेंज-अप टाकतच राहायचा. मुलगा सांगितल्याप्रमाणं टाकतो, मार खातो, आणि सकाळी बाबा विचारतात, ‘चार रन कसे दिलेस?’ तुमच्या मुलाच्या बाबतीत असंच घडतंय असा माझा दावा नाही. पण बाबांनी एकदा एवढंच विचारून बघावं: ‘सध्या तुला कशावर काम करायला सांगितलंय?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो फोन उचलेल असं मला मनापासून वाटतं. लहानपणी अंगणात त्याच्या हातात पहिला चेंडू कुणी दिला हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण रात्री झोपायच्या आधी जो माणूस बॉक्स स्कोअर उघडतो तो हा खेळ परका मानत नसणार.

मागून आलेली दोन मुलं पुढं गेली, त्याबद्दल. यात तुमच्या मुलाचं कमी पडणं असेलही, नसेलही. वर उजव्या हाताच्या, सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या कोपराला दुखापत झाली की तिथं तसाच पिचर लागतो, डावखुरा रिलीफ पिचर नाही. आणि ज्याला दुसऱ्या फेरीत घेऊन दहा लाखांच्या वर डॉलर दिले, त्याला क्लब चुकायला जास्त वेळ देतो. १४व्या फेरीतल्या मुलाला तेवढी सवलत मिळत नाही. हा अन्याय आहे, पण तो लपवलेला नाही, आणि तुमचा मुलगा तो माहीत असूनच आत गेलेला आहे. एका गोष्टीकडं मात्र लक्ष ठेवा. त्याला नियमितपणे आणि सामना अटीतटीचा असताना आत पाठवतात, की आठवडा-आठवडा बसवून दहा रननी हरलेल्या सामन्यात पाठवतात? हे दुसरं दोन-तीन महिने चाललं तर क्लबचं मन कुठं आहे ते समजावं.

किती वर्षं वाट बघायची, याचं उत्तर तुम्हाला शोधावं लागणार नाही, ते नियमांतच आहे. १९ किंवा त्याहून जास्त वयात सही केलेल्या खेळाडूला क्लब चार मोसम निवांत ठेवू शकतो. त्यानंतर नोव्हेंबरात क्लबनं त्याला मेजर लीगसाठी राखलेल्या आपल्या ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये बाकीच्या क्लबांना तो उचलता येतो. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत सही झाली तो मोसम पहिला धरला तर तुमच्या मुलाचा चौथा मोसम पुढच्या वर्षी संपतो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच्या क्लबला आणि इतर २९ क्लबांना त्याच्याबद्दल काय वाटतं ते कागदावर येईल. यादीत नाव आलं नाही म्हणजे सगळं संपलं असं नव्हे, बहुतेकांचं येत नाही. पण तोवर डबल-ए दिसलं नसेल, तर घरी बसून तिघांनी शांतपणे बोलायची ती वेळ. तोपर्यंत हा विषय जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही, असं तुम्ही आणि मिस्टरांनी आपसांत ठरवा आणि ठरवलंय हे मुलालाही सांगा. त्याच्या मनावरचं निम्मं ओझं तिथंच उतरेल.

पैशांचं सांगते, म्हणजे सासूबाईंना उत्तर देता येईल. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचा प्रश्न अगदी बरोबर ठरला असता. या मुलांना मोसमापुरतं आठवड्याला काही शे डॉलर मिळायचे आणि राहायची जागा त्यांनीच शोधायची. पाच-सहा जण एका अपार्टमेंटमध्ये हवेच्या गाद्या टाकून झोपायचे. २०२२च्या मोसमापासून राहायची सोय क्लबनं करायची असं ठरलं, त्याच वर्षी सप्टेंबरात मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या युनियनमध्ये सामील झाले, आणि मार्च २०२३मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्या करारानं हाय-एचं वर्षाचं किमान वेतन ११,००० डॉलरवरून २७,३०० वर नेलं, डबल-एचं ३०,२५०, ट्रिपल-एचं ३५,८००. पोट भरतं, शिल्लक फारशी पडत नाही. सही करताना मिळालेली बोनसची रक्कम म्हणूनच जपायला हवी. ती एकदाच मिळते, आणि तेविशीत ती गाडीत आणि हिवाळ्याच्या ट्रेनिंगमध्ये कशी विरते ते कळतही नाही. शिवाय ही मुलं एका मोसमात पाच-सहा राज्यांत खेळतात, त्यामुळं कराचे कागद किचकट होतात. हे काम त्याच्या बाबांकडं द्या. आकड्यांची त्यांना आवड आहेच, इथले आकडे त्यांनी तपासले तर मुलगा त्यांचा ऋणी राहील.

डिग्रीबद्दल मी पूर्णपणे तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं आहे. फक्त तिच्यासाठी खेळ सोडायची गरज नाही. कॉलेजकडून बेसबॉल खेळायचा हक्क त्यानं सही केली तेव्हाच गेला, शिकायचा हक्क गेला नाही. करार करताना बरेच क्लब शिक्षणाच्या खर्चाची तरतूद घालून देतात. ती त्याच्या करारात आहे का, आणि किती सेमिस्टरची आणि किती रकमेची आहे, हे आधी बघा. त्यात मुदतीची अट असते: खेळ सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत शिकायला सुरुवात केली नाही तर पैसे बुडतात. रिलीज झालेली मुलं पहिलं वर्ष सुन्न होऊन काढतात, दुसरं मेजर लीगच्या क्लबांशी न जोडलेल्या कुठल्यातरी छोट्या स्वतंत्र लीगमध्ये, आणि मुदत निघून जाते. तुम्ही ती तारीख डोक्यात ठेवा.

मी तर म्हणेन, थांबूसुद्धा नका. त्याचा मोसम सप्टेंबरात संपतो, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणारी सेमिस्टर हुकते. जानेवारीची धरली तर फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंग आडवं येतं. पण पुष्कळ कॉलेजांत ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात संपणारे अर्ध्या सत्राचे कोर्स असतात, ऑनलाइनही असतात. हिवाळ्यात दोन-दोन विषय काढले तरी वर्षाचं ओझं कमी होत जातं, आणि ‘आपल्याकडं दुसरं काहीच नाही’ ही भीती पिचरच्या खांद्यावरून उतरते. ही भीती घेऊन खेळणारा मुलगा बेसेस भरलेल्या असताना चेंज-अप टाकायला धजत नाही.

एक गोष्ट त्याला स्पष्ट विचारा, आणि ती बाबांनी नाही, तुम्ही विचारा: कोपर दुखतंय का? पिचर दुखणं लपवतात, कारण जागा जाईल असं वाटतं. कोपराच्या अस्थिबंधाची ‘टॉमी जॉन’ नावाची शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा सामन्यात उतरायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. वेळेत सांगितलं तर कधीकधी विश्रांतीवर भागतं. तो झोपतो कसा, सोमवारच्या सुट्टीत काय करतो, कुणाबरोबर जेवतो, हेही विचारा. संघातली बरीच मुलं स्पॅनिश बोलणारी असतील, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सोडून आलेली. त्यांच्यातल्या कुणाशी त्याची दोस्ती असेल तर ती तुमच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा त्याला जास्त सावरेल. आणि तो खाणंपिणं सोडून गप्प गप्प झाला, बोलण्यात ‘माझा काही उपयोगच नाही’ असं येऊ लागलं, तर नोव्हेंबराची वाट बघू नका. त्याच आठवड्यात विमान पकडा.

मंडळातल्या लोकांना काय सांगायचं? मायकेल जॉर्डनचं सांगा. बास्केटबॉलमधला सर्वांत मोठा माणूस १९९४ साली बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए खेळला आणि त्याची फलंदाजीची सरासरी राहिली .२०२, म्हणजे पाच वेळांत जेमतेम एक हिट. डबल-ए म्हणजे काय चीज आहे ते यावरून कळावं, आणि तुमचा मुलगा त्याच्या एकच पायरी खाली आहे. पिचर कुमार रॉकरचंही सांगता येईल. त्याच्या आईचं घराणं भारतातून आलेलं. २०२१च्या ड्राफ्टमध्ये मेट्स क्लबनं त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. तो एका स्वतंत्र लीगमध्ये खेळला, पुढच्या वर्षी रेंजर्स क्लबनं तिसऱ्या क्रमांकावर घेतला, २०२३मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो मेजर लीगमध्ये उभा राहिला. एवढ्या नावाजलेल्या मुलालाही सरळ रस्ता मिळाला नाही.

मात्र या गोष्टी मंडळासाठी ठेवा, मुलाला सांगू नका. ड्रू मॅगी १३ मोसम आणि अकराशेच्या वर सामने मायनर लीगमध्ये खेळून २०२३मध्ये ३३व्या वर्षी पायरेट्स क्लबकडून मेजर लीगमध्ये आला, आणि साऱ्या मैदानानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो क्षण कुणाचाही गळा दाटून यावा असाच होता. पण तेरा वर्षं काढून वर न गेलेल्यांची नावं कुणी घेत नाही. २००८मध्ये पायरेट्सनीच उत्तर प्रदेशातल्या भालाफेक करणाऱ्या दोन तरुणांशी करार केला होता, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दिनेशला २०१०मध्ये रिलीज केलं, रिंकू आणखी काही वर्षं टिकला, पण सिंगल-एच्या वर त्याला जाता आलं नाही. ज्या खेळाचा चेंडू लहानपणी हातात धरला नव्हता त्यात ते तिथवर गेले, हे मला फार मोठं वाटतं. तुमचा मुलगा त्यांच्याही पुढं आहे. मेजर लीग मिळाली नाही तर ही वर्षं वाया गेली, असं घरात कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका, पुण्याहून आलेल्या फोनवरसुद्धा.

आता या महिन्यातलं काम. त्याचा संघ कुठल्या लीगमध्ये आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. साउथ अटलांटिक लीग असेल तर वेळापत्रकात लेकवुड आणि ब्रुकलिन शोधा. लेकवुडच्या जर्सी शोअर ब्लूक्लॉजचं मैदान तुमच्यापासून गाडीनं तासाभरावर, ब्रुकलिन सायक्लोन्सचं कोनी आयलंडला. त्याचा संघ तिथं आला की आठवडाभर मुक्काम असतो. दोघं जा, तिकिटं बुलपेनच्या बाजूची घ्या, आणि एक नाही तर दोन-तीन संध्याकाळी जा, कारण पहिल्या दिवशी तो आत येईलच असं नाही. मिस्टरांना त्याला हात गरम करून परत बसताना प्रत्यक्ष बघू दे. त्याच भेटीत कराराची प्रत मागून घ्या, आणि कॉलेजच्या रजिस्ट्रारला ऑक्टोबरच्या कोर्सबद्दल ईमेल लगेच पाठवा. सप्टेंबर उजाडेपर्यंत थांबलात तर जागा भरलेल्या असतील.